पट्टी लांब ठेवायची होती

नायलॉनची पट्टी कात्रीने कापली की धागे सुटतात. टोक वितळवून बंद करावं लागतं.

*

चोरखमाऱ्याच्या धरणाच्या पाण्यात मीठ नाही.

*

साक्षगंध झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात भूमेश्वरीची स्कूटी चुलतभाऊ भुपेंद्रच्या अंगणात उभी दिसली.

*

"म्हशीले घालाची झूल होय का बाबू हे?"

*

आरशासमोर ओमेश्वर. उघड्या अंगावर काळे पट्टे, पाठीवर लोखंड. दारातून माय: "कोनं जुंपलं रे तुले?"

*

लांजीला एका घरात भरलेली बॅग.

*

तिरोड्याजवळचं डोमनलाल बिसेन यांचं घर. धानाची शेती, दोन लेकरं. ओमेश्वर थोरला, तिरोड्यात त्याचं मोटारी भरायचं दुकान, म्हणजे जळालेल्या पंपांत नवी तार गुंडाळून द्यायची. भूमेश्वरी दोन वर्षांनी धाकटी, गोंदियाच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वयाने धाकटी, पण उंचीने भावापेक्षा चार बोटं वर, आणि खांद्यानेही भरलेली. लहानपणी तिचे उतरलेले शर्ट त्याला यायचे. त्यावरून घरात इतकं हसून झालं होतं की आता कोणी हसतही नसे.

या दोघांनी मालवणला जाऊन समुद्राच्या तळाशी उतरायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. पाठीवर सिलेंडर, तोंडात नळी. गावात हे सांगायची सोय नव्हती.

"खाली जाऊन करता काय?" डोमनलाल विचारायचे.

"पाहतो, बाबूजी."

"मासोळ्या धरून आणता का?"

"नाही."

"मंग?"

या 'मंग'ला दोघांकडेही उत्तर नव्हतं, आणि त्या नसलेल्या उत्तरातच त्यांचं गूळपीठ होतं. बाकी बहीणभावांचं राखीला असतं तसं.

पाण्यात हवा भरून तरंगायची भाड्याची जाकिटं मात्र दोघांनाही छळत. त्याचं फुगलं की कानापर्यंत चढायचं, तिचं बरगडीवरच संपायचं. तेव्हा दोघांत मिळून एक आपलं घ्यायचं ठरलं. एक डुबकी त्याची, एक तिची. ज्याची पाळी नसेल त्याने भाड्याचं चढवायचं. पुढच्या मे महिन्यात ते घेऊन समुद्रावर जायचं. एवढंच होतं ते. पण त्या हिवाळ्यात त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

*

मोबाईलवर, धानाच्या चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत. जाकीट घ्यायचं की विंग, म्हणजे पाठीच्या प्लेटला लावायची हवेची पिशवी:

— जाकीटच घेऊ न. खिसे राह्यते त्याले.

— खिशात काय भरशील? लाखोरीची डाळ?

— विंग कितीची पायजे मंग? अठरा किलोची घेऊ. मोठी असली तं बरी.

— मोठी कायले? भरलेलं सिलेंडर अन् पाठीवरची प्लेट वर धरली का झालं. मी काढून पाह्यलं, तेरा किलो उचलंल तं पुरे. मोठी पिशवी पाण्यात नुसती फडफड करते.

— बरं मास्तरीणबाई.

— अन् गोल घे, ट्यूबसारखी. नालाच्या आकाराची नोको. गोलात हवा इकडून तिकडं फिरते, एका अंगाले अडकून राहत नाही.

— प्लेट अल्युमिनियमची घेतो. हलकी.

— आपण विमानानं जाऊन राहिलो का? कोल्हापूरच्या गाडीनं जातो. स्टीलची घे. पाठीवर जेवढं जड, कंबरेचं शिसं तेवढं कमी.

— अन् पट्टे?

पट्ट्यांवर आठवडा गेला. हार्नेस दोन तऱ्हेचा मिळत होता. एकाला खांद्यावर गाद्या, प्लॅस्टिकच्या चिमट्या. ओढलं की घट्ट, सोडलं की सैल. दुसरा म्हणजे एकच अखंड पट्टी: कमरेपासून निघून खांद्यावरून पाठीच्या प्लेटमधून दुसऱ्या खांद्यावर आणि परत कमरेला, मध्ये एकही जोड नाही. ओमेश्वरला चिमट्यांचा हवा होता. भूमेश्वरी म्हणाली, जिथं जोड तिथं मोडतोड, तू तं रोज पंप खोलतेस, तुले सांगाव लागते का? तिचं बरोबर होतं.

पुण्याचा दुकानदार फोनवर सावकाश बोलणारा निघाला. "पट्टी मुद्दाम लांब येते. लगेच कापू नका. दोघं वापरणार असाल तर कधीच कापू नका. एकाला घालून बघा, सरकवा, दुसऱ्याला घाला. उरलेली टोकं कमरेत खोचायची, बस."

"हो हो," ओमेश्वर म्हणाला. आणि बहिणीला कळवलं: कापाची नाही मनते.

— तेच तं, असं तिचं उत्तर आलं.

*

खोकं आलं त्याच महिन्यात लांजीचं स्थळ जमलं. मुलगा चंद्रकुमार, कृषी खात्यात. बोलायला मोकळा. साक्षगंधाला भूमेश्वरी आणि तो गच्चीवर बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते कोणी विचारलं नाही.

मुलीचं लग्न जमलं की या घरात एक गोष्ट आपोआप सुरू व्हायची. आत्यांच्या वेळी झाली होती, चुलत बहिणींच्या वेळी झाली होती. तिच्या वस्तू हलायला लागायच्या. कोणी वाईटपणाने करायचं नाही, कोणी ठरवायचंही नाही. स्कूटी भुपेंद्रकडे गेली, कारण त्याला रोज मिलवर जावं लागे. अभ्यासाचं टेबल बियाण्याच्या पोत्यांखाली गेलं. रामबाईने, म्हणजे मायने, कपाटातला एक कप्पा रिकामा करून त्यात पापड ठेवले. भूमेश्वरी गोंदियाहून शनिवारी यायची, बघायची, आणि पापडाचा डबा जरा सरकवून आपले कपडे ठेवायची.

म्हणजे ओमेश्वरने जे केलं ते त्याला करणं वाटलंच नाही.

दुपारची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नाही. त्याने हार्नेस अंगावर चढवून पाहिला आणि दोन्ही बाजूंनी पट्टीची टोकं गुडघ्यापर्यंत लोंबली, ड्रिलमध्ये अडकतील अशी. तो हसला. मग त्याला वाटलं, मे महिन्यात ती लांजीला असणार. नव्या नवरीला समुद्रात कोण जाऊ देतं? तिची कीवही आली. तिला पाण्याखालचे फोटो पाठवायचे असं त्याने मनाशी ठरवलं, आणि ठरवताना आपण फार चांगला भाऊ आहोत असं त्याला वाटलं. कात्री समोर होती. सोल्डरिंगची गन गरमच होती.

कच्. आणि दुसरीकडून कच्.

वितळलेल्या नायलॉनचा वास संध्याकाळपर्यंत राहिला. उरलेल्या दोन तुकड्यांनी त्याने एका गिऱ्हाइकाचा पंप मोटारसायकलच्या मागे बांधून दिला. चांगला घट्ट बसला.

*

रविवारी सकाळी भूमेश्वरी चहा पिता पिता म्हणाली, "चाल, चोरखमाऱ्यावर जाऊन पाहू. मे मयन्याच्या आधी एकदा पाण्यात तं घालून पाहाव लागंल."

मे महिन्याच्या आधी.

रस्ताभर ती मागे बसून बोलत होती आणि तो मान हलवत होता. सांगता आलं असतं. वाटेत दोनदा गाडी थांबली, एकदा म्हशींसाठी, एकदा तिच्या ओढणीसाठी. दोन्ही वेळा त्याने तोंड उघडलं आणि हवा आत घेतली. बसेल, त्याला वाटत होतं. ओढून-ताणून बसेल.

धरणावर फागू होता, सिंचनाच्या कामावरचा. गेट उघडायचं काम नसलं की तो धरणाच्या बांधावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करी. त्याने विंग पाहिली आणि म्हशीच्या झुलीबद्दल विचारलं.

"झूल नाही फागूदादा, पंख होय," भूमेश्वरी म्हणाली.

"मंग उडून दाखवा."

"हे बुडाले लागते. बुडून पुन्हा वर याले."

"आमी तं असेच येतो वर," फागू म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

ओमेश्वर आधी उतरला. तोंडाने फुंकून विंग भरली, पाण्यावर पडला. झकास. पट्टे कुठे टोचत नव्हते, प्लेट पाठीला चिकटून होती, तो पाटावर ठेवल्यासारखा आडवा तरंगत होता. तिने काठावरून टाळ्या वाजवल्या.

मग तिने घातला. खांद्यावरून पट्टी गेली तेव्हाच ती ताणली होती. तिने श्वास सोडला, पोट आत घेतलं, दोन्ही टोकं पुढे आणली. बकल आणि पट्टी यांच्यात वीतभर जागा उरली. तिला वाटलं पट्टी मागे कुठे अडकली असेल. तिने पाठीमागे हात नेऊन चाचपलं. मग टोक डोळ्यांसमोर धरलं. वितळून गुळगुळीत झालेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कापली का तू?"

"हो."

"कधी?"

"साक्षगंधानंतर."

"काऊन?"

"मले वाटलं आता तुले..."

तिने टोक खाली सोडलं. आवाज चढला नाही. "त्या दिवशी गच्चीवर मी त्याले एकच गोष्ट मांगितली, ओमू. मे मयन्यात भावासंग समुद्रावर जाईन मनलं. तो होय मनला. त्याच्या मायलेही त्यानंच सांगतलं. ती एवढंच मनली, नवी सून आहे, भाऊ घ्याले आला पायजे. मी मनलं, माहा भाऊ तं येतेच."

"नवी पट्टी मागवतो व. चार दिवसांत येते."

"मागव न."

तिने हार्नेस उतरवून त्याच्या हातात दिला आणि तशीच पाण्यात शिरली. हात मारत मारत आत गेली, दूर, जिथून तिचं डोकं बदकाएवढं दिसत होतं. तो काठावर विंग पोटाशी धरून बसला. पिशवी अजून फुगलेलीच होती.

"हे कोनासाठी आणलं मनता?" फागूने विचारलं.

*

नवी पट्टी चार दिवसांतच आली. त्याने ती ओवली, टोकं अजिबात कापली नाहीत, गुंडाळून रबर लावून ठेवली. तिला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

लग्न झालं. भूमेश्वरी लांजीला गेली.

मेच्या आधी त्याने फोन केला. आजूबाजूला बायकांचे आवाज येत होते.

"रविवारी निघतो. येशील का?" त्याने विचारलं.

"तू घ्याले आला तं पाहू," ती म्हणाली.

ओमेश्वरने त्या वाक्यातून 'पाहू' तेवढं उचललं. 'पाहू' म्हणजे नाही. घरात पाहुण्यांपुढे नाही म्हणायची हीच रीत. आपण दारात जाऊन उभे राहिलो तर तिची पंचाईत होईल, सासूसमोर तिला उत्तर द्यावं लागेल, हे त्याने स्वतःला इतकं समजावलं की शेवटी पटलं. खरं म्हणजे त्याला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. आमगाववरून लांजी ती कितीशी लांब! तो सरळ गोंदिया स्टेशनवर गेला आणि कोल्हापूरच्या गाडीत चढला. बाजूच्या सीटवर त्याने पाठीची प्लेट ठेवली होती; ती एका प्रवाशाने वर उचलून ठेवायला सांगितली.

मालवणला सगळं उत्तम होतं. पाणी निवळ, विंग तिने सांगितली तशीच, ना जास्त ना कमी. जोडीला दिलेला माणूस नाशिकचा, सज्जन. खाली गेल्यावर ओमेश्वर दर थोड्या वेळाने डावीकडे वळून हाताने विचारत होता, ठीक? आणि तो नाशिकचा माणूस दर वेळी न कंटाळता सांगत होता, ठीक.

*

आखाडीच्या सणाला भूमेश्वरीला घेऊन जावई घरी आले. जेवणानंतर ओट्यावर सुपारी कातरत चंद्रकुमार सहज म्हणाला, "भाऊजी, त्या दिवशी तुमी आलेच नाही. माय तं सकायपासून दारात पाहून राहिली होती. हिनं बॅग आदल्या दिवशीच भरली. मी मनलं फोन करून घे. तं मनते, फोन कायले, येते तो."

ओमेश्वरने आतल्या घराकडे पाहिलं. भूमेश्वरी मायजवळ बसून लोणच्याची बरणी पुसत होती, आणि काहीतरी सांगून हसत होती.

"तुमचं काम निघालं असंल," चंद्रकुमार म्हणाला.

"हो," ओमेश्वर म्हणाला. "दुकानात."

विंग तेव्हा आतल्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती. लांब पट्ट्या जमिनीपर्यंत आलेल्या. माय झाडताना त्या उचलून खिळ्यावर टाकायची. पंख्याच्या वाऱ्याने त्या परत खाली यायच्या. भूमेश्वरी जाण्याआधी आपले कपडे घ्यायला त्या खोलीत गेली आणि कपडे घेऊन बाहेर आली. तो तिला सोडायला फाटकापर्यंत गेला. पुढच्या मे महिन्याचं बोलायचं त्याने ठरवलं होतं. पण गाडीत चंद्रकुमार हॉर्न वाजवत होता, भूमेश्वरी त्याला म्हणत होती, थांबा न जरासे, आणि भावाकडे बघत ती खरंच जराशी थांबलीही होती.

"नीट जा," तो म्हणाला.

*

पहिल्या वर्षी दोघं मालवणला गेले तेव्हा ओमेश्वर होडीतच बसून राहणार होता. उतरणाऱ्यांत त्याचं नाव भूमेश्वरीने त्याला न विचारता दिलं होतं.