झेंडूखालचे चुंबक

मित्रांनो, मी नाशिकच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेतला जुना तुकडा आहे. आकाराने नखाएवढा, पण मान मोठा. माझ्या वर-खाली नायोबियम धातूचे थर आहेत आणि मध्ये निकेलचा अगदी पातळ थर, सँडविचमधल्या चटणीसारखा.

मला अतिशय थंड केले की नायोबियममधून वीज जराही अडथळा न होता वाहते. तेव्हा इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात, जोडीतल्या दोघांची तोंडे मात्र उलट दिशांना. निकेल मात्र चुंबकी स्वभावाचे. त्याला सगळ्यांची तोंडे एकीकडेच हवीत, म्हणून त्यात जोड्या तुटतात. थर पातळ असेल तर थोड्या जोड्या पलीकडे पोहोचतात. इथे संशोधन करणाऱ्या तेजस्विनीने मला महिनोन्महिने खपून घडवले आणि पहिल्याच खेपेला जोड्या पार झाल्या. "गुणी आहेस रे," ती म्हणाली. मी फुगलोच.

तेच मोजमाप पुन्हा आले, तरच तिचे संशोधन मान्य होणार होते. खंडेनवमीच्या सकाळी तिने मला थंड करायला टाकीत ठेवले. मग यंत्रांची पूजा झाली. मदतनीस समाधानने घरच्या मळ्यातला झेंडू आणला होता. मोठे लोहचुंबक मानाचे, म्हणून सगळ्यांनी ते माझ्या टाकीवर मांडले आणि फुलांनी झाकले. पूजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, ही आमच्याकडची रीत.

दसऱ्याला मोजमाप घेतले. एकही जोडी पार झाली नाही.

"हा तुकडा गेला गं. नवा करायला घे," तिच्या मार्गदर्शक ललिता मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, नव्याला दिवाळी उलटेल. तोवर हे मोजायचं मशीन दुसऱ्यांकडे जाईल."

मी गेलो नव्हतो, पण सांगणार कसे? मला फार वाईट वाटले.

समाधान निर्माल्य गोळा करत होता. "मॅडम, हे चुंबक कुठं ठेवू? लय जड हे."

तेजस्विनीने कपाळाला हात लावला. "आपणच ठेवलं की हो ते!"

थंड होताना जवळच्या चुंबकाचे बळ माझ्या थरांत अडकते, जोड्यांची वाट अडवते आणि ऊब मिळाल्याशिवाय सुटत नाही. त्यांनी चुंबक लांब नेले, मला उबेला आणले आणि पुन्हा थंड केले. जोड्या पार झाल्या. तेजस्विनी आधी हसली, मग रडली.

आता मी डबीत असतो. काम नवे तुकडे करतात. खंडेनवमीला चुंबकाची पूजा खिडकीत होते आणि माझ्या डबीलाही हळदीचे बोट लागते. मित्रांनो, एखाद्याला 'गेला' म्हणण्याआधी, त्याच्या डोक्यावर आपणच काय ठेवले आहे, तेवढे बघत जा.