काट्यानंतरची ओटी

अनुश्रीच्या तळहाताला दुबराज तांदळाचे चार दाणे चिकटले होते. ते झटकता झटकता तिला काट्यावरची बेरीज आठवली.

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात लोखंडाचा कारखाना चालवणाऱ्या शालिग्रामशेठनी विमानकंपनी काढली होती. विमान एकच, अठरा माणसांचं, आणि आज रायपूरहून अंबिकापूरला त्याची पहिली खेप. एवढ्याशा विमानात प्रत्येक माणूस सामानासकट काट्यावर उभा करावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी विमानकंपन्या रांगत होत्या तेव्हाही हेच करायच्या, असं अनुश्रीच्या ट्रेनिंगच्या सरांनी सांगितलं होतं. त्यात मे महिना. ऊन तापलं की विमान वजन कमी उचलतं. तर वजनं घ्यायची, बेरीज मारायची, कागदावर सही करायची, हे अनुश्रीचं काम. तिनं ते चोख केलं होतं. मर्यादेला सात किलो बाकी ठेवून सही ठोकली होती.

आणि मग शेठाणी विनोदिनीबाईंनी आठ सवाष्णींच्या ओट्या भरायला काढल्या. पहिल्याच खेपेला लेकीबाळी रिकाम्या ओटीनं कशा जातील? नारळ विमानात नेऊ देत नाहीत, म्हणून त्याची भरपाई तांदळानं, एकेकीला दोन किलो. आणि या ओंजळी घातल्या कोणी? आमच्या अनुश्रीनंच, मोठ्या हौसेनं, काट्यावरून उतरलेल्या बायकांच्या पदरात. सोळा किलो! म्हणजे नऊ किलो जास्त, आणि कागदावर सही तिची.

दार लागायच्या बेतात होतं. ती उन्हातून धावत सुटली. शिडीपाशी शालिग्रामशेठ उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. नऊ किलो म्हणजे मांडीवरचं लेकरू, त्यानं कुठं विमान पडतं? नोकरीला दोनच महिने झालेत हे ध्यानात ठेव, असंही हळूच सुनावलं. तांदूळ काढू म्हणावं, तर विनोदिनीबाई आडव्या आल्या. भरलेली ओटी परत घ्यायची म्हणजे अपशकुन, तोही पहिल्या दिवशी. आतल्या आठही जणींनी पदर घट्ट धरले. मेल्यांचा त्या दोन किलोंवर जीवच जडला होता.

अनुश्री घाबरली होती. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती शेठना वळसा घालून शिडी चढली आणि कॅप्टन नीलिमाच्या हातात कागद देऊन आपली चूक सांगून मोकळी झाली. कॅप्टननं आकडे दोनदा पाहिले. एक जण उतरला तरच निघेन, म्हणाली.

कोणी हललं नाही. सगळे मानाचे पाहुणे, जो तो खिडकीबाहेर बघायला लागला. चौथ्या रांगेत अनुश्रीचे वडील बसले होते. दिवाकरराव, रेल्वेचे रिटायर गार्ड. कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाला म्हणून एक जागा मिळाली होती. जन्मात पहिलं विमान. कडक इस्त्रीचा सफारी, मांडीवर डबा, आणि अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी सांगून आलेले.

"बाबा, तुमी उतरा."

"मी? काहून?"

"वजन जास्त झालं. माह्या चुकीनं."

दिवाकरराव डबा उचलून, सगळ्यांच्या देखत, खाली मान घालून उतरले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघं काचेमागं येऊन उभे राहिले. विमान धावलं, धावतच राहिलं, आणि एकदाचं उचललं. तेवढ्यात शालिग्रामशेठ मागून आले. गेली नोकरी, ती मनात म्हणाली.

"उद्यापासून ओटी काट्याच्या आधी," ते तिच्याकडे न बघता बोलले आणि पुढे गेले.

तिनं वडिलांकडे वळून पाहिलं. ते अजून आभाळाकडेच बघत होते. तिच्या डोळ्यांना धार लागली. "बाबा, मले माफ करा."

"चौतीस वर्षांत गार्डाले सोडून गाडी कधी गेली नाही," दिवाकरराव म्हणाले. "आज गेली."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा तिच्यापुढे धरला.

"बराबर गेली."