लाल अस्तराचं पॅराशूट

आईच्या शिवणयंत्राखाली पहिला ज्वालामुखी फुटला तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. व्हिनेगर, खायचा सोडा आणि रंग हवा म्हणून अर्धी दौत लाल शाई. फेस वर आला, काठावरून उतू गेला आणि थेट एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाहीवर चढला. शर्ट त्याच संध्याकाळी न्यायला येणार होते. आईने घर डोक्यावर घेतलं. मग शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवता बुडवता तिने आवाज खाली आणून विचारलं, "पण काय गं, एवढा फेस आला कुठून?"

त्या दिवसापासून पोरीचं नाव संशोधकबाई पडलं. शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, सगळे त्याच नावाने हाक मारायला लागले आणि पुढे पन्नाशी आली तरी ते काही सुटलं नाही.

वडील फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात दोघीच. पुढच्या खोलीत यंत्र, कापायचं टेबल, मापाच्या फिती आणि कपड्यांचे ढीग. आणि त्याच टेबलाखाली संशोधकबाईंची प्रयोगशाळा. तिथे दोऱ्याला टांगलेले तुरटीचे खडे वाढत असत. लिंबांना तारा खुपसून दिवा लावायची खटपट महिनाभर चालली आणि दिवा काही लागला नाही. एकदा भिंगाने कागद जाळताना पडद्याला भोक पडलं. आईने रफू करताना आधी यथेच्छ सुनावलं आणि मग भिंग स्वतःच्या हातात घेऊन खिडकीत उभी राहिली. पाच मिनिटांनी पडद्याला दुसरं भोक पडलं. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

अकराव्या वर्षी रॉकेट आलं. प्लास्टिकची बाटली, तिच्यात पाव भाग पाणी, तोंडाला घट्ट बूच आणि बुचातून सायकलच्या पंपाची नळी. पंप मारत राहायचं, आतली हवा दाबत राहायची. बूच सुटलं की बाटली फुस्सकन आभाळात आणि पंप मारणारी नखशिखांत ओली. घरामागच्या मोकळ्या जागेत आईसुद्धा पंप मारायला यायची, पदर खोचून.

अडचण एकच होती. बाटली जशी वर जायची तशीच टोकावर खाली आपटायची आणि टोकाला बसवलेल्या पुठ्ठ्याच्या टोपीचा चेंदामेंदा व्हायचा. "हिला पॅराशूट पाहिजे," संशोधकबाईंनी निदान केलं. आईने कुणाच्या तरी कोटाचं उरलेलं लाल अस्तर काढलं.

आईने ते पॅराशूट गिऱ्हाइकाच्या कोटासारखं शिवलं. आठ कळ्या, म्हणजे वर निमुळत्या होत गेलेल्या आठ पट्ट्या, प्रत्येक जोड दुहेरी शिलाईचा, काठ हाताने दुमडलेला, आठ कोपऱ्यांना आठ दोऱ्या. आणि तिच्या घरातून बिनइस्त्रीचं कापड कधी बाहेर गेलं नव्हतं, त्यामुळे शेवटी त्याला खळ देऊन कडक इस्त्री. मग घडीवर घडी घालून सुरीसारख्या कडा पाडायच्या आणि दोन्ही तळव्यांवर ठेवून द्यायचं. "घ्या बाई, माल तयार."

संशोधकबाई ती घडी तशीच टोपीखाली ठेवायच्या. बाटली वर जायची, टोपी ठरल्याप्रमाणे गळायची, आणि तिच्यामागून ती लाल घडी पाकिटासारखी सरळ खाली यायची. एकदा नाही, दोनदा नाही, सहा वेळा. दोऱ्या लांब केल्या, आखूड केल्या, मधे भोक पाडलं, बुजवलं. दर वेळी आई सगळी शिलाई उसवायची, पुन्हा शिवायची, आणि दर वेळी न चुकता खळ आणि इस्त्री करून द्यायची.

बाराव्या वर्षी शाळेत विज्ञान दिवस होता. मैदानावर सगळी शाळा, पालक रांगेत. संशोधकबाईंची बाटली सगळ्यांत उंच गेली. टाळ्या पडल्या. मग सातव्यांदा लाल पाकीट खाली आलं, त्याच्यामागोमाग बाटली आली आणि फुटली. विज्ञानाचे मास्तर काही वाईट माणूस नव्हते, त्यांनी सहज विचारलं, "पॅराशूट का उघडलं नसेल?"

आणि संशोधकबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आईने शिवलंय ना. तिला नीट जमत नाही."

आई पहिल्या रांगेत उभी होती. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या अंगावर तिनेच शिवलेले कपडे होते. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायची तसं ती हसली. पुढच्या आठवड्यात लेकीने नवीन कापड पुढे केलं तेव्हा शांतपणे म्हणाली, "माझ्या हातून बिघडेल गं. बाहेरून करून घे."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावर उलट रागावता येतं, रडता येतं, पाया पडता येतं. ह्याला काय करणार? संशोधकबाईंचा रॉकेटचा उद्योग तिथेच संपला. माफी मागायची राहून गेली, आणि एकदा राहिलेली माफी दर वर्षी आणखी अवघड होत जाते.

अडतीस वर्षं गेली. वडील गेले. संशोधकबाई औषधांच्या कारखान्यात वजनकाटे तपासायला लागल्या. केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही आणि सुटली तर त्यांना जेवण जात नाही. आई शहात्तर वर्षांची झाली. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोर बघितलं की मधोमध करडा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, ह्याला उपाय नाही, आहे तेवढंही वर्षभर टिकेल असं नाही.

त्याच सुमारास कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने संशोधकबाईंना हौशी रॉकेटवाल्यांच्या मंडळात ओढलं. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर दहाबारा मोठी माणसं पुठ्ठ्याच्या नळ्या घेऊन जमत. मंडळाचे म्होरके दातांचे निवृत्त डॉक्टर होते. संशोधकबाईंनी पहिलं रॉकेट केलं, बाजारातलं कापड आणून पॅराशूट केलं आणि ते डॉक्टरांच्या हातात ठेवलं. डॉक्टर त्या घडीकडे बघतच राहिले.

"बाई, ह्याला इस्त्री कुणी केली?"

"मीच. का?"

"हे रॉकेटमधून सोडायचंय की कपाटात ठेवायचंय? अहो, अशा कडक घड्या घातल्यावर ते उघडणार कसं? हवा शिरायला जागा तरी ठेवा. सैल गुंडाळायचं, थोडी पावडर मारायची, बस्स."

बाकीचे हसले. संशोधकबाई मात्र गवतात बसल्या त्या बसल्याच. सात वेळा. खळ देऊन, कडक इस्त्री करून. आणि ह्या इतकी वर्षं काटे तपासत असूनही स्वतः आठव्यांदा तेच करून आल्या होत्या, कारण घरात कापडाची रीतच ती होती.

घरी येताना त्यांना स्वतःचंच हसू येत होतं. आईच्या हातचं पॅराशूट एकदा तरी उघडलेलं आईला दाखवायचं, तिला दिसतंय तोवर, हे त्यांनी मैदानावरच ठरवून टाकलं होतं. पण ते उघडायला हवं तर कारण सांगावं लागणार. आणि कारण सांगायचं म्हणजे शाळेच्या भर मैदानात जे बोलल्या त्यावर शिक्का मारायचा: चूक तुझीच होती, आई.

आधी त्यांनी नुसतं अस्तर पुढे केलं. लालच.

"बाहेरून करून घे," आई म्हणाली.

"आई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. शाळेत."

आईला कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. "लहान होतीस. आणि खोटं कुठे बोललीस? उघडलं नव्हतंच ना ते."

"तरी शिव. माझ्यासाठी."

आई बराच वेळ अस्तराचा पोत बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "सुईत दोरा तू ओवून द्यायचा." तीन दिवस ती मान तिरकी करून, कडेच्या नजरेने आणि बोटांच्या भरवशावर यंत्र चालवत होती. चौथ्या दिवशी सकाळी संशोधकबाई खोलीत आल्या तर खळीचं भांडं तयार आणि इस्त्री तापलेली.

गुपचूप चुरगळून टाकावं, तिला कळणारही नाही, हा विचार त्यांच्या मनात आला. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"आई, इस्त्री नको."

"वेडी आहेस का? बिनइस्त्रीचं देऊ?"

"इस्त्रीमुळेच उघडत नव्हतं गं. खळीने घड्या चिकटून बसायच्या. हवाच शिरत नव्हती आत."

आईने इस्त्री उभी करून ठेवली. झालं, संशोधकबाईंना वाटलं, दुसऱ्यांदा मारलं मी हिला.

"म्हणजे," आई हळूच म्हणाली, "शिलाईत काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

"दोऱ्या?"

"बरोबर होत्या."

"कळ्या सारख्या होत्या?"

"आठच्या आठ."

आई खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना लेकीला डोळ्यांनी दिसलं. "इस्त्री होय! अगं, इस्त्रीचं काय एवढं! मला वाटलं शिलाई चुकली. त्या दिवसानंतर प्रत्येक कोटाचं अस्तर मी दोनदा शिवलंय. एकदा शिवायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं. हातावर भरवसाच राहिला नव्हता."

पन्नास वर्षांची बाई कापायच्या टेबलावर डोकं टेकून रडली. आईने पाठीवर दोन थापट्या दिल्या आणि म्हणाली, "पुरे. अस्तर भिजवशील. आता सांग, कसं चुरगळायचं?"

ते काही तिला जमेना. मूठ आवळायची आणि सोडताना बोटं आपोआप सुरकुती सरळ करायची. चौथ्या खेपेला ती स्वतःच्याच हाताला म्हणाली, "मेल्या, ऐक की जरा!" आणि कापडाचा चक्क बोळा केला.

रविवारी मैदानावर डॉक्टरांनी तिच्यासाठी घडीची खुर्ची मांडली आणि दहापासून उलटे आकडे मोजले. सर्रर्र आवाज झाला, रॉकेट गेलं. आईने लेकीचं मनगट पकडलं आणि मान डावीकडे वळवली. कडेने बघायचं तर तसंच बघावं लागे. लांबून कुणाला वाटलं असतं, बाई भलतीकडेच बघतायत. वर बारीकसा फट् आवाज झाला.

"आई, ते..."

"बोलू नकोस. दिसतंय मला. लाल. केवढं मोठं दिसतंय गं!"

ते खरंच उघडलं होतं. सकाळच्या उन्हात डुलत, सावकाश खाली येत होतं. मंडळी टाळ्या वाजवत होती. आईचं तोंड उघडं होतं आणि गाल ओले होते.

"कळ्या सगळ्या भरल्यात का?" तिने विचारलं. "तेवढं मला दिसत नाही. नीट बघून सांग."

संशोधकबाईंनी नीट पाहिलं. एक कळी बाकीच्यांपेक्षा अरुंद झाली होती आणि आत दबून फडफडत होती.

"भरल्यात, आई," त्या म्हणाल्या. "आठच्या आठ."