हिरव्या रंगाखालचा जोड

मी एक जुना वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी माणसांशी मैत्री करावी असं त्यांच्यात काय आहे, हे मला बंगळुरात अकरा वर्षं काढूनही नीटसं कळलेलं नाही.

माझं घराणं काही मोठं नाही. सिटी मार्केटमागच्या गल्लीत शिवाप्पा नावाचा कारागीर जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देई. लढाईनंतर लष्कराच्या भंगारात आलेल्या लोखंडी पट्ट्या त्याने एकावर एक रचल्या, त्यांवर तांब्याची तार गुंडाळली, सगळं पत्र्याच्या पेटीत बसवलं आणि पेटीच्या तोंडावर सात भोकं ठेवली. पहिल्या भोकात प्लग घातला की करंट कमी, सातव्यात घातला की भरपूर. एवढंच माझं शास्त्र. कुणालाही एका सकाळीत समजावं. पण मला विकत घेतलं ते गुंडोरावांनी, आणि गुंडोराव पडले ड्राफ्ट्समन.

एका कारखान्याच्या कचेरीत बसून त्यांनी तीस वर्षं नकाशे काढले. नकाशात वेल्डिंगची खूण म्हणजे एक लहानसा त्रिकोण. असे हजारो त्रिकोण काढून माणूस निवृत्त झाला आणि त्याला वाटलं, आपल्याला वेल्डिंग येतं! मल्लेश्वरमच्या त्यांच्या घराला जुन्या मालकाने बांधलेलं गॅरेज होतं. मोटार नव्हती. मग रिकाम्या गॅरेजात घरच्या दुरुस्त्या करायच्या, त्यासाठी एक परवडणारं मशीन घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

ते निवडणं काय सांगू! लागोपाठ चार शनिवार ते शिवाप्पाकडे आले. माझ्या शेजारी एक विलायती सेट होता, म्हशीएवढा. त्याची किंमत ऐकून त्यांनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळले. माझं वजन विचारलं, लांबीरुंदी वहीत टिपली, पेटीचा रंग उन्हात विटेल का तेही विचारलं. मला काय खायला लागतं, एवढं मात्र विचारलं नाही. शेवटी शिवाप्पानेच आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "स्वामी, याला पॉवरची लाइन वेगळी घ्या. घरच्या दिव्यांच्या लाइनीवर हा उपाशी राहणार."

"सरी, सरी," म्हणजे ठीक ठीक, असं गुंडोराव कानडीत म्हणाले आणि मला जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, घालून घरी आणून थेट दिव्यांच्या लाइनीला जोडलं.

त्यांच्याच आवारातल्या खोलीत पिराजी राहत होता. निपाणीकडचा, त्याच कारखान्यात वेल्डर. वीस वर्षं गुंडोरावांचे कागदावरचे त्रिकोण त्याने लोखंडावर खरे केले होते. त्याला एक शब्द विचारला असता तर माझं आयुष्य सुधारलं असतं. पण साहेबाने कामगाराला विचारायचं म्हणजे नाक कापल्यासारखं.

मग सुरू झाले माझे वाईट दिवस. चौथ्या भोकात प्लग घातला की फ्यूज उडे. तिसऱ्यात घातला की घरातले दिवे मिणमिणत, रेडिओ घोगरा होई आणि आतून त्यांच्या पत्नी गोदूबाई ओरडत, "पुरे करा ते! भाजी दिसेना झाली मला!" म्हणून गुंडोरावांनी दुसरं भोक पकडलं ते कायमचं. पहिलं काम घेतलं गोदूबाईंच्या कॉफी भाजायच्या डब्याचं. त्याला मोहरीएवढं भोक होतं. गुंडोरावांनी ते रुपयाएवढं केलं. तरी आठवडाभर गल्लीत वेल्डिंगच्या गप्पा! उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय?

इथवर मी नुसता हसत होतो. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

गुंडोरावांची मुलगी अनुसूया. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. वडिलांनी तिला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं, पुढे जटका लावून कॉलेजात. आता एकवीस वर्षांच्या त्या मुलीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. हाताने फिरवायची एक जुनी तीनचाकी तिने स्वतः शोधून काढली. सोमवारी एकटीने शाळेत जायचं, कुणाच्या पाठीवर नाही, हा तिचा हट्ट. मात्र गाडीच्या पुढच्या चाकाला धरणारा लोखंडी फाटा तडकलेला होता आणि शाळेच्या वाटेवर आठव्या क्रॉसचा, म्हणजे आठव्या आडरस्त्याचा, उतार होता.

"मी जोडतो," गुंडोराव म्हणाले.

प्लग दुसऱ्याच भोकात. वितळलेलं लोखंड फाट्यावर नुसतं वर बसलं, आत शिरलंच नाही. गुंडोरावांनी ते कानशीने घासून गुळगुळीत केलं आणि त्यावर हिरवा रंग लावला. नकाशातल्या रेघेसारखा देखणा जोड! मला ओरडावंसं वाटत होतं. पण आमच्या जातीला फक्त गुणगुणता येतं.

शनिवारी संध्याकाळी पिराजी आला. खाली बसून त्याने फाट्यावर नख वाजवलं.

"रावसाब, रंगाच्या आदी दाखवायचं की ओ. एक हातोडा मारून बगू या. पोरीला बसायचं हाय."

"रंग उडेल. आणि तीस वर्षं मी जोड काढलेत, पिराजी."

"काढलासा खरं. घातला न्हाईसा."

गुंडोरावांचे कान लाल झाले. दारात बसलेली अनुसूया एवढंच म्हणाली, "अण्णा, परवा मी यावरच बसून जाणार. जटकेवाल्याला नको म्हणून सांगितलंय." अण्णा आत गेले. मी मनात म्हटलं, हा माणूस रंगाचा टवका वाचवायला पोरीचं डोकं फोडणार.

रविवारी सकाळी दूधवालाही आला नव्हता, तेव्हा गुंडोराव गॅरेजात आले आणि तीनचाकी ढकलत बाहेर घेऊन गेले. निघाला मिरवायला, मी म्हटलं. अर्ध्या तासाने गाडी घासटत येण्याचा आवाज आला. फाटा जोडातून तुटून लोंबत होता. धोतर फाटलेलं, दोन्ही गुडघ्यांतून रक्त, कोपर सोलवटलेलं.

गोदूबाई धावत आल्या. "अगंबाई! कुठं पडलात?"

"आठव्या क्रॉसवर. अनुसूया उद्या जिथं पडली असती, तिथंच."

गोलमटोल अंगाचा साठीचा माणूस मुलीच्या गाडीत बसून भर रस्त्यात तो उतार उतरला होता. पाणी शेंदणाऱ्या बाया हसल्या म्हणे.

आता खापर माझ्यावर फुटणार, हे मी धरूनच चाललो होतो. नाचता येईना अंगण वाकडं! पण पिराजी आला तेव्हा गुंडोराव जमिनीकडे बघत म्हणाले, "मशीन चांगलं आहे रे. मीच त्याला उपाशी ठेवलं. आणि तुला विचारायची लाज वाटली मला." मित्रांनो, माणसाच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

त्याच दुपारी मला आणि फाट्याला हातगाडीवर घालून शिवाप्पाच्या दुकानात नेलं. तिथे पॉवरची लाइन होती. पिराजीने प्लग पाचव्या भोकात घातला आणि मी जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवलो. फाटा धरून बसले होते गुंडोराव. घरी आल्यावर त्यांनी हातोडा अनुसूयेच्या हाती दिला. तिने सगळा जोर लावून तीनदा मारला. जोड हलला नाही. अण्णांनी सवयीने रंगाचा डबा उघडला.

"नको अण्णा," ती म्हणाली. "असाच दिसू दे."

सोमवारी ती एकटी गेली. गुंडोराव पट्ट्या बांधलेल्या गुडघ्यांनी फाटकाशी उभे होते. गाडी वळणाआड गेल्यावरही बराच वेळ तिथेच उभे होते.

पॉवरची लाइन काही त्यांनी घेतली नाही. आता एकोणसत्तर साल आहे. माझ्या पाठीवर नारळाच्या शेंड्यांची रास आहे, माझी केबल उंदरांनी कुरतडली आहे आणि दसऱ्याच्या आयुधपूजेला तेवढं कुणीतरी कुंकू फासून जातं. यंत्राला पूजा लागत नाही, पोटभर वीज आणि वर्षातून एकदा फडकं लागतं, हे तुम्हाला कोण शिकवणार?

तुम्हीही उद्या काहीतरी जोडाल आणि वर सुबकसा रंग फासाल. तुमच्याकडून मला फारशी आशा नाही. तरी सांगतो, दुसऱ्याला त्यावर बसवण्याआधी स्वतः बसा आणि उतारावरून खाली या. गुडघे फुटले तर फुटू द्यात. गुंडोरावांना मी इतकी नावं ठेवली खरी, पण त्या रविवारच्या सकाळबद्दल त्यांना हसायला माझी जीभ रेटत नाही.