उसनी निरीक्षणं

"तारेच बघायचेत ना? मग पुस्तकात काय कमी आहेत!" गॅलरीत पेपरामागे दिगंबरराव पुटपुटले. स्वयंपाकघरात मेथी निवडणाऱ्या श्यामलाताईंना नीट ऐकू जाईल, इतक्याच हळू.

विषय लेकीचा होता. उत्कर्षा विद्यापीठात फिजिक्सच्या एम.एस्सी.ला, त्यात खगोलभौतिकी घेतलेली. तेज कमीजास्त होणाऱ्या एका ताऱ्यावर तिचा प्रबंध होता आणि त्यासाठी डोंगरावरच्या वेधशाळेत तीन रात्री राहायचं होतं. आज नाव दिलं नाही, तर विषयच सोडावा लागणार.

"बाबा, अख्खा ग्रुप जातोय. मॅडमसुद्धा आहेत."

"तुझ्या वर्गातला चेतन जातोय ना? त्याच्याकडून डेटा घे, आकडेमोड तू कर. तुझी आई तशीच फर्स्ट क्लासमध्ये आली की नाही?"

ही त्या घरातली लाडकी गोष्ट. श्यामला आणि दिगंबर एकाच वर्गात होते. विभागाच्या गच्चीवर दुर्बीण लागायची अंधार पडल्यावर, आणि मुलींनी घरी पोचायचं दिवेलागणीला. आता ताऱ्यांनी तरी कुणाकुणाची सोय बघावी! मग सकाळी दिगंबर जागरणाचे लाल डोळे आणि रात्रीची निरीक्षणं घेऊन कँटीनमध्ये यायचा. श्यामला गणितं सोडवायची. चहा एक, बशी एक. त्याच चहावर लग्न जमलं. पाहुण्यांना हे सांगताना दिगंबरराव अजून विशीत जायचे. श्यामलाताई हसायच्या. दिवस गोडच होते, खोटं कशाला बोला?

"दिगू," कोपऱ्यातून श्यामलाताईंच्या सासूबाई मथुराबाई बोलल्या. त्या निवृत्त नर्स. "मी वर्षानुवर्षं नाइट ड्यूटी केली, तेव्हा रात्र चांगली होती वाटतं? बाईनं रात्री दुसऱ्याचा ताप मोजला तर चालतं. ताऱ्याचं तेज मोजलं की घराण्याची अब्रू जाते!"

"आई, काळ वाईट आहे."

"मग काळाला घरी बसव. तिला कशाला बसवतोस?"

"पण श्यामलाचं काही अडलं का? विचार तिला!"

श्यामलाताई हातातली जुडी तशीच घेऊन बाहेर आल्या.

"अहो, तुमची निरीक्षणं फार नेटकी असायची. त्यांच्या जोरावर शनीच्या कड्यांवर मी पानंच्या पानं लिहिली. पण मी शनी पाहिलेला नाही. एकदाही नाही."

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं! आपल्यापैकी तरी किती जणांनी आपल्या घरात विचारलंय?

दिगंबररावांनी पेपर खाली ठेवला.

"उत्कर्षा, नाव दे," ते म्हणाले. "रात्र धोक्याची असेल तर ती नीट करणं आमचं काम. त्यासाठी तुला घरात कोंडायचं नसतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "आम्ही पोरं तेव्हा मुलींना घरापर्यंत सोबत करू शकलो असतो. एकानंही तसं म्हटलं नाही. तुझ्या वाटणीचं आकाश आम्ही घेतलं, श्यामला, आणि वर ते उपकार म्हणून जन्मभर सांगत राहिलो."