कडुलिंबातला खिळा

घोड नदीकाठच्या कडुलिंबाखाली अख्खं गाव लोटलं होतं. समृद्धीला फिट यायच्या म्हणून काही वर्षांमागं जालिंदर भगतानं तिच्या अंगातलं भूत म्हणे या झाडात खिळा ठोकून बांधलं. तेव्हा झाड लहान होतं. आता शेंडा गावच्या पाण्याच्या टाकीवर गेला होता आणि खिळा होता तिथंच, छातीइतक्या उंचीवर.

"झाड वाढलं, पण खिळा तसूभर वर सरला न्हाई!" भगत गरजला. "आन् साल बघा, खिळा गिळाया लागलीय. भूत संपलं! आता गोळ्या नदीत सोडा."

लोकांनी हात जोडले. समृद्धीच्या हातात हळदकुंकू लावलेली गोळ्यांची पाकिटं होती. ते बघून तिच्या आत्याला, शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नीलमला, शिसारी आली. ज्या गोळ्यांनी पोरीच्या फिट थांबल्या, त्याच बुडवायला निघालेला हा माणूस वर कोंबडाही मागत होता.

तिनं भावाला, समृद्धीच्या बापाला, गाठलं. "दादा, बांधावरच्या बाभळीला काटेरी तार कोणी ठोकली?"

"मीच की," हौसराव म्हणाला.

"बाभूळ केवढी झाली! तार वर गेली का?"

"न्हाई. हाय तिथंच हाय. खोडात पार रुतलीय."

"मग तिथं कुणाचं भूत बांधलंस?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"झाड लेकरासारखं सगळ्या अंगानं उंच होत नाही," नीलम म्हणाली. "उंची वाढते ती शेंड्याला. तिथल्या कोवळ्या पेशी नव्या पेशी तयार करतात. खालचं खोड नुसतं जाड होतं, कारण सालीखाली वाढणारा एक पातळ थर असतो. खिळा असो नाहीतर तार, खोड जाडावलं की ते रुततंच."

"मंग फिट कशानं थांबल्या?" हौसरावानं विचारलं.

"डॉक्टरांच्या गोळ्यांनी! खिळा ठोकला त्याच महिन्यात त्या सुरू झाल्या. अचानक तोडल्या तर जिवावर बेतेल."

"बाईमाणसानं देवाच्या कामात पडू नये!" म्हणत भगतानं समृद्धीचा दंड धरून तिला पाण्याकडं ओढलं. पोरगी जागची हलली नाही.

"आप्पा," ती बापाला म्हणाली, "मी फिट येऊन विहिरीत पडले, तर हा खिळा मला वर काढणार हाय का?"

हौसरावानं भगताचा हात झटकला, पाकिटावरचं कुंकू सदऱ्याला पुसलं आणि म्हणाला, "सकाळची गोळी राहिलीय. घे."

मंडळी, हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारत चला. आणि औषध कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील; झाडाला त्यातलं काही कळत नाही, भगताला तर त्याहून नाही.