पाकातल्या बटा

माझे केस कमरेपर्यंत लांब आहेत आणि माणूस गेल्यावर दवाखान्यातल्या मशीनवर जी रेघ येते, तितके सरळ आहेत. आमच्या घरातल्या सगळ्याच बायकांचे असे. आजी, आई, दोन आत्या, सगळ्यांचे लग्नातले फोटो पुढच्या खोलीत एका ओळीत टांगलेत आणि त्यातली प्रत्येक नवरी नुकतीच पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. नवीन पाहुणा आला की तो आईच्या फोटोपाशी थांबून हळू आवाजात विचारतो, ह्या कधी गेल्या. आई त्याच्या मागे कॉफीचा ट्रे घेऊन उभी असते.

मला त्या ओळीत तसं लटकायचं नव्हतं. माझ्या लग्नात माझे केस कुरळे हवे होते. एवढ्यापायी नवऱ्याचा जीव टांगणीला लागेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

पार्लरचा विचार मी आधीच सोडला होता. माझी मैत्रीण यागोदा हिच्या लग्नात शहरातल्या पार्लरवालीने तिच्या डोक्यावर असं काही बांधकाम केलं, की चर्चमध्ये फादरना नवरीचा लग्नमुकुट ठेवायला सपाट जागा सापडेना. ते दोनदा बायबलकडे आणि एकदा छताकडे बघत राहिले. म्हणून ठरवलं, आपले केस आपणच कुरळे करायचे. विजेचा चिमटा आणला. एकेक बट पिळून झाली की छान गोल व्हायची, आणि कॉफी निवायच्या आत पुन्हा खाली लोंबायची. उन्हाळाभर हाच उद्योग चालला होता. घरात जळक्या केसांचा वास इतका मुरला की कुत्र्याने मुक्काम गोठ्यात हलवला.

मग लेपा काकू म्हणाली की यंत्रांनी काही होत नसतं, त्याला साखर लागते. तिच्या लग्नात तिने एकतारी पाक करून केसांना चोळला होता आणि बटा चिंध्यांवर गुंडाळून रात्र काढली होती. ते कुरळे तीन दिवस हलले नाहीत. काकांनी झोपेत कूस बदलली तर त्यांच्या गालावर ओरखडा उठला. काकूचं लग्न जानेवारीत झालं होतं, दारात गुडघाभर बर्फ असताना. हे तिने सांगितलं होतं आणि मी ऐकलंही होतं. माझं लग्न सप्टेंबरात होतं. हेही आम्हा दोघींना माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी काकूने पाक ढवळला आणि जुन्या चादरीच्या चिंध्या फाडल्या. बट घ्यायची, पाकात बुडवायची, चिंधीवर गुंडाळून गाठ मारायची. काकूला हात लावू दिला नाही. हात दुखून आले, पण सगळं डोकं मी एकटीने बांधलं.

सकाळी गाठी सोडल्या आणि आरशासमोर बसून राहिले. खांद्यांवर तपकिरी, चकचकीत, भरगच्च वेटोळी उतरली होती. डोकं हलवलं की ती एकमेकांवर आपटून खुळखुळ वाजायची. मी पुन्हा हलवलं. मग उगाचच आणखी एकदा. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्याकडे बघत राहावंसं वाटत होतं.

तेवढ्यात एक गांधीलमाशी आली आणि आरशावर बसली.

आता रेल्याचं सांगायला हवं. रेल्या म्हणजे माझा होणारा नवरा. तो लायब्ररीत काम करतो, चष्मा लावतो आणि गांधीलमाशी चावली तर मरू शकतो. गेल्या वर्षी तो आमच्याकडे आलुबुखार तोडायला आला होता. मानेला एक चावली. काही नाही, काही नाही, असं तो म्हणत होता आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाजच उमटला नाही. डोळे सुजून आत गेले. माझ्या रास्तोदादाने त्याला गाडीत कोंबलं. मागचा आलुबुखारांनी भरलेला ट्रॉला सोडायलाही वेळ नव्हता, तो तसाच उडत गेला. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर जांभळा सडा पडला होता. रेल्या वाचला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी गाडी काढण्याइतकाही वेळ मिळेलच असं नाही. इंजेक्शनचं एक पेन दिलं आणि ते कायम खिशात ठेवायला सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घराने गांधीलमाश्यांशी युद्ध पुकारलं होतं. राकियासाठी, म्हणजे आमच्या घरच्या दारूसाठी, आलुबुखार आंबायला घातलेली पिंपं बाबांनी लग्नाआधीच गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. अंगणातल्या प्रत्येक झाडाला बिअर भरलेल्या बाटल्या टांगल्या, त्यात माश्या शिरतात आणि बुडतात म्हणून. अक्रोडाला तर इतक्या बाटल्या होत्या की शेजारी म्हणाले, यंदा पीक चांगलं आहे. त्यातल्या निम्म्या बाटल्या लेपा काकूने स्वतः बांधल्या होत्या.

आणि त्या अंगणाच्या मधल्या घरात मी डोक्यावर किलोभर साखर घेऊन बसले होते.

घरात पाणी होतं. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे कोणीतरी विचारणारच. नळाला भरपूर पाणी होतं. डोकं धुतलं असतं तर प्रश्न मिटला असता. मी धुतलं नाही. मी खिडकी लावली.

रेल्याला फोन लावला. पेन घेतलंस का, एवढंच विचारायचं होतं. पण नवरदेवाच्या वरातीत ट्रंपेटवाले त्याच्याच गाडीत बसवतात. त्या गोंगाटात फोन वाजत राहिला. मी पुन्हा लावला, पुन्हा वाजला. तोवर आरशावरची माशी उडून माझ्या कानाशी आली होती.

काकू आत आली. माझं डोकं बघितलं, माशी बघितली, आणि तिच्या चेहऱ्यावर जानेवारी आणि सप्टेंबर यांची भेट झाली.

"अगं दुन्या," ती म्हणाली, "हे आपण काय करून ठेवलं गं."

मी म्हटलं की धुवायचे नाहीत, दुसरं काहीतरी सांग. तिने व्हिनेगर आणलं आणि बटांवर शिंपडलं. माश्या दोन झाल्या. मग तिने लसूण चोळला. माझा वास आता थंडीसाठी घातलेल्या लोणच्यासारखा येत होता. माश्या तीन झाल्या, त्यांना बहुधा लोणचं आवडत असावं. काकू म्हणाली की धुराने नक्की जातील, परसात डुक्कर भाजतायत तिथे जरा वाकून उभी राहा. मी म्हटलं, नवरी व्हायचंय, हॅम नाही. मग तिने डोक्यावर लग्नाची जाळी चढवली आणि पिनांनी कडेकडेने शिवल्यासारखी बंद केली. ती बंद झाल्यावर कळलं की एक माशी आत आहे.

ती उजव्या कानामागे होती. चावत नव्हती. बटांमधून चालत होती, एखादी बाई बाजारात भाव विचारत फिरते तशी. मी मान हलवली नाही. श्वासही अर्धाच घेत होते. मला तिच्या चावण्याची भीती नव्हती, मला कितीही चावू दे. मला भीती होती ती बाहेर निघेल तेव्हाची. कारण ती बाहेर निघेल तेव्हा माझ्या सगळ्यात जवळ रेल्या उभा असणार होता.

आणि बाहेर ढोल वाजला. वरात आली.

आमच्याकडे नवरदेवाला नवरी अशी सहज मिळत नाही. झाडाच्या शेंड्याला सफरचंद बांधतात, त्याने ते बंदुकीने पाडायचं. ते पडेपर्यंत नवरी घरातून हलत नाही. रेल्याने आयुष्यात बंदूक धरली नव्हती. मला वाटलं, देव आहे. हा संध्याकाळपर्यंत चुकत राहील आणि मी काहीतरी विचार करीन.

पहिली गोळी आमच्या धुराड्याला लागली. वरात ओरडली. मला हायसं वाटलं. दुसरी गोळी सुटली तेव्हा काच फुटल्याचा आवाज आला, आणि बाहेर बाबा असं काहीतरी म्हणाले, जे मी लग्नाच्या गोष्टीत लिहिणार नाही. काकूने पडदा बाजूला केला. रेल्याने बिअरची बाटली पाडली होती. आत बुडालेल्या बुडाल्या होत्या, पण सगळ्याच बुडालेल्या नव्हत्या. ज्या जिवंत होत्या त्या ओल्या आणि चिडलेल्या होत्या, शिवाय प्यालेल्याही. त्या अक्रोडाखाली घिरट्या घालत होत्या. त्यांच्या मधोमध माझा होणारा नवरा चष्मा पुसत उभा होता. त्याला वाटत होतं, लोक त्याच्या नेमबाजीला हसतायत.

मी पहिल्यांदाच त्याने नेम धरावा म्हणून मनापासून प्रार्थना केली. लवकर पाड आणि त्या झाडाखालून नीघ.

तिसरी गोळी सफरचंदाला लागली. बहुतेक चुकून.

रास्तोदादाने दार उघडलं. उंबऱ्यावर पाण्याची बादली ठेवलेली होती, तुळशीची काडी आणि पांढरं फूल घातलेली. निघताना नवरीने ती लाथ मारून उलटायची असते, म्हणजे पुढचं आयुष्य पाण्यासारखं सरळ वाहतं. मी बादलीच्या अलीकडे उभी राहिले. माशी कानामागून वर चढली होती आणि आता कपाळाशी, जाळीच्या कडेला भोक शोधत होती. समोरून रेल्या आला. दोन्ही हात पसरलेले, चेहरा इतका आनंदी की मला रडू फुटलं.

"तिथेच थांब," मी म्हटलं.

अंगणात हशा पिकला. रास्तोदादा उंबऱ्यावर हात आडवा धरून म्हणाला की नवरीचा भाव वाढलाय मंडळी, सफरचंदात भागत नाही. ट्रंपेटवाल्यांनी त्यावर एक सूर मारला. रेल्याही हसला आणि आणखी एक पाऊल पुढे आला.

"रेल्या, पुढे येऊ नकोस. खरंच सांगते."

त्याचे हात हळूहळू खाली आले. लोक अजून हसत होते, पण त्याने माझा आवाज ओळखला होता.

"दुन्या," तो म्हणाला, "तुला यायचं नाहीये का?"

त्या वेळी मला किती भीती वाटली ते सांगता येणार नाही. एक पाऊल पुढे आला तर तो मरेल, आणि मागे गेला तर मला नको होता असं समजून आयुष्यभर लायब्ररीत बसून राहील. कपाळावर सहा पाय चालत होते.

"पेन कुठंय तुझं?"

त्याने खिसा चाचपला. मग दुसरा. मग आतला. लग्नाचा सूट नवा होता, त्याचे काही खिसे अजून शिवलेलेच होते.

"दुसऱ्या कोटात," तो म्हणाला. "घरी."

अंगणातला हशा थांबला. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. बाबांनी अक्रोडाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे, आणि त्यांना सगळं कळलं. मला आरशातली सकाळची वेटोळी आठवली. एकदाच आठवली. मग मी गुडघ्यांवर बसले आणि जाळीसकट, पिनांसकट, डोकं बादलीत घातलं.

आत गार होतं. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. मी बोटांनी बटा कुस्करत होते आणि त्या एकेक करून सैल पडत होत्या. काकूचा पाक, उन्हाळाभराची मेहनत, सगळं पाण्यात उतरत होतं. श्वास संपेपर्यंत डोकं वर काढलं नाही. वर काढलं तेव्हा केस नेहमीसारखे सरळ, छातीवरून टपटप गळत होते. एक गांधीलमाशी तुळशीच्या काडीला धरून बादलीत पोहत होती.

मी बादलीला लाथ मारली.

"यायचंय," मी म्हटलं. "पण आधी पेन आणा. आणि याला गाडीत बसवा, काचा लावून."

त्याचा मित्र पेन आणायला सुसाट गेला. रेल्याला आम्ही गाडीत बंद केलं. मी ओल्या अंगाने शेजारी जाऊन बसले. बाहेर उंबऱ्यावर गोड पाणी पसरलं होतं. अंगणातल्या, अक्रोडाखालच्या, परसातल्या सगळ्या माश्या तिकडे गोळा झाल्या, आणि बाबांच्या सगळ्या बाटल्यांना जे जमलं नव्हतं ते एका बादलीने केलं. फक्त त्या दाराने आता कोणाला बाहेर येता येईना. आई लग्नाचा पाव छातीशी धरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून उतरली. तिच्यामागून उतरताना लेपा काकू अडकली आणि तिला ओढून काढायला तिघे ट्रंपेटवाले लागले.

गाडीत गरम होत होतं. रेल्याने रुमाल काढून माझं तोंड पुसलं, मग वास घेऊन जरा थांबला.

"लसूण?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

"केस नेहमीचेच की," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस, काहीतरी वेगळं करणार आहेस."

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याच्या बाजूच्या काचेवर एक माशी चालत होती. काचेच्या बाहेरून की आतून, ते उन्हात दिसत नव्हतं. मी त्याचा हात घट्ट धरला आणि तिच्याकडे बघत राहिले, ती उडून जाईपर्यंत. मग त्याच्या मानेकडे. पेन येईपर्यंत मी मानेवरून नजर काढली नाही, आणि आल्यावरही नाही. चर्चमध्ये मुकुट माझ्या डोक्यावर मात्र पहिल्याच फटक्यात बसला.

आमचा फोटो आता त्या ओळीत शेवटी टांगलाय. माझे केस ओले आणि सरळ आहेत, जाळी एका बाजूला फाटलीये, आणि मी कॅमेऱ्याकडे न बघता रेल्याच्या कॉलरकडे टक लावून बघतेय. पाहुणे मी कधी गेले असं विचारत नाहीत. ते रेल्याबद्दल विचारतात. तो त्यांच्या मागे कॉफीचा ट्रे घेऊन उभा असतो, आणि मी साखरेच्या भांड्यावर झाकण आहे ना ते बघत असते.